लॅपटॉप एक, माणसं पाच

बारावीचा निकाल लागला की आपल्या बालाघाट जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत बँकेच्या एका मेसेजची वाट बघणं सुरू होतं. माशिमंच्या परीक्षेत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण मिळवणाऱ्या मुलामुलींच्या खात्यात मध्य प्रदेश सरकार लॅपटॉपसाठी २५ हजार रुपये जमा करतं. २०२५च्या जुलैमध्ये असे पैसे मिळालेल्यांचा आकडा राज्यात ९४ हजारांच्या वर गेला होता.

पैसे मुलीच्या खात्यात येतात आणि लॅपटॉप घराचा होतो. २५ हजारांत मनासारखं मशीन येत नाही, म्हणून घरचे वर दहा-बारा हजार घालतात, गोंदियाला नाहीतर नागपूरला जाऊन लॅपटॉप आणतात, आई त्याला हळदीकुंकू लावते, आणि महिनाभरात त्याच्यावर सगळ्यांचा संसार सुरू होतो. बाबांच्या दुकानाचं जीएसटी, आजोबांच्या पेन्शनचे कागद, आईचं समग्रचं ई-केवायसी आणि लग्नांचे फोटो, धाकट्याचे गेम. जिच्या मार्कांवर तो आला तिला दुपारी दोन ते चार मिळतो, तोही कुणाला काम नसेल तर. आणि हे सगळं चालतं एकाच यूजर अकाउंटवर. त्याचं नाव दुकानातल्या पोराने सुचेल ते टाकलेलं असतं आणि पासवर्ड बहुधा घरातल्या कुणाच्या तरी मोबाइलचे शेवटचे आकडे.

माझ्या काकांकडे नेमकं हेच होतं. घरात पाच माणसं: आजोबा, काका, काकू, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली माझी चुलत बहीण आणि नववीतला धाकटा. लॅपटॉप बहिणीच्या बारावीच्या मार्कांचा. एकदा काकांना नागपूरला लग्नाला जायचं होतं. गाडीची वेळ बघायला त्यांनी ब्राउझरमध्ये 'नागपूर' एवढंच टाइप केलं, तर खाली आपोआप ओळी उमटल्या: नागपूर लेडीज होस्टेल फी, नागपूर एम.एस्सी. प्रवेश, नागपूर मेस महिना खर्च.

बहिणीने घरात हा विषय अजून काढलाच नव्हता. निकाल हातात आला की आधी काकूला विश्वासात घ्यायचं आणि मग काकांना सांगायचं, असं तिचं ठरलेलं होतं. त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. काकांना वाटलं पोरीने लपवलं. तिला वाटलं बाबांनी पाळत ठेवली. खरं म्हणजे कुणीच काही केलं नव्हतं. खातं एक असलं की कुणी डोकावायची गरजच पडत नाही, कॉम्प्युटर आपणहून एकाचं दुसऱ्याला सांगतो.

मी इथेच कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. मी म्हटलं, पाच माणसांची पाच खाती करू. त्यावर पहिला आक्षेप आजोबांचा आला.

"काहून वं, घरात का चोर शिरले? आपल्याच माणसांपासून कुलूप?"

हा आक्षेप आपल्या घरांमध्ये सगळीकडे येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एकत्र राहणाऱ्या घरात 'माझं वेगळं' म्हणणं म्हणजे चूल वेगळी मांडण्याची पहिली पायरी, असं त्या पिढीला वाटतं. मी आजोबांना समग्रची आठवण करून दिली. मध्य प्रदेशात राहणाऱ्यांना ते समजवायला लागत नाही. कुटुंबाचा आठ आकडी आयडी एकच, आणि त्यातल्या प्रत्येकाचा नऊ आकडी आयडी वेगळा. शिष्यवृत्ती नातीची आणि पेन्शन आजोबांची, हे एकाच कुटुंबात असूनही सरकार मिसळू देत नाही. आजोबा म्हणाले, "ते सरकारचं झालं." पण विरोध थोडा मऊ झाला.

पासवर्ड ही गोष्ट मुळात चोरांसाठी निघालीच नव्हती, हे ऐकून मात्र त्यांना गंमत वाटली. १९६१ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची व्यवस्था उभी केली. कॉम्प्युटर एकच, खोलीभर मोठा, आणि वापरणारे पुष्कळ. ज्याच्या फायली त्याच्याजवळ राहाव्यात आणि ज्याचा वेळ त्याच्या नावावर मोजता यावा, म्हणून प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड दिला. म्हणजे अडचण एकत्र कुटुंबाचीच. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधकाला आठवड्याचे ठरलेले चार तास पुरेनात, तेव्हा त्याने सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम उरकलं. पुढे त्याने स्वतःच ही गोष्ट सांगितली. आमचा धाकटा हे ऐकून फार खूश झाला, ते मला तितकंसं आवडलं नाही.

आपल्या घरांत कॉम्प्युटर आला तेव्हा ही शिस्त त्याच्यासोबत आली नाही, याला एक कारण विंडोजही आहे. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये नाव-पासवर्डची चौकट यायची, पण 'कॅन्सल' दाबलं की सरळ आत. २००१च्या एक्सपीने प्रत्येकाला आपलं चित्र दिलं, बदक, गिटार, बुद्धिबळ वगैरे. आपल्यापैकी तिशीच्या आसपासचे जे असतील त्यांना बदकावरून झालेली भांडणं आठवत असतील. पण सेटअपच्या वेळी बनवलेलं प्रत्येक खातं पूर्ण अधिकाराचंच असायचं. चित्रं वेगळी, सत्ता सगळ्यांना सारखी.

आता मुद्द्याचं. विंडोजमध्ये खात्यांचे मुख्य प्रकार दोनच. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे किल्ल्यांचा जुडगा ज्याच्या कंबरेला तो. त्याला कोणतंही सॉफ्टवेअर टाकता-काढता येतं, नवी खाती बनवता येतात, दुसऱ्याचा पासवर्ड बदलता येतो. स्टँडर्ड खात्याला आपला डेस्कटॉप, आपल्या फायली, आपला ब्राउझर, टायपिंग, प्रिंट, व्हिडिओ कॉल, सगळं करता येतं. पण पूर्ण मशीनवर परिणाम होईल असं काही करायला गेलं की चौकट येते आणि ॲडमिनचा पासवर्ड मागते. धाकट्याने कुठून तरी आणलेला फुकटचा गेम मशीनमध्ये खोल शिरायला गेला, तर अडतो तो इथे. एखादी घातक फाइल स्टँडर्ड खात्यात उघडली गेली तर नुकसान बहुतेक त्या एका खात्यापुरतं राहतं. त्या माणसाच्या फायली जाऊ शकतात, पण दुकानाचे हिशेब वाचतात.

नव्या लॅपटॉपवर पहिलं बनणारं खातं ॲडमिन असतं आणि पुढची आपण बदलली नाहीत तर स्टँडर्ड. म्हणून ज्याने पहिल्या दिवशी बटणं दाबली तो घराचा कारभारी होतो, कुणी न ठरवता.

काकांना मी सांगितलं की तुमचंही खातं स्टँडर्ड राहील. त्यावर ते एकदम, "घरातला कर्ता मी, दुकान माझं, अन् मलेच परवानगी मागाव लागते का?"

बहीण म्हणाली, "बाबा, लॅपटॉप माझ्या मार्कांचा आहे."

काकू आतून म्हणाल्या, "अन् वरचे बारा हजार माझ्या भिशीचे होते."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

इथे एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. दोन स्टँडर्ड खाती एकमेकांच्या फोल्डरमध्ये जाऊ शकत नाहीत, पण ॲडमिन जाऊ शकतो. तो दुसऱ्याच्या फोल्डरवर क्लिक करतो, विंडोज म्हणतं तुम्हाला परवानगी नाही, 'कंटिन्यू' दाबा. दाबलं की दार उघडतं, आणि नंतर तसंच उघडं राहतं. तेव्हा वेगळी खाती करून काकांना ॲडमिन केलं असतं, तर मुलीच्या मनातला संशय होता तिथेच राहिला असता. तिला केलं असतं तर दुकानाचे हिशेब तिच्या हातात. नवरा-बायको, भाऊ-भाऊ, कुणाच्याही घरात हा प्रश्न असाच येतो, फक्त मोठ्याने विचारला जात नाही.

आम्ही 'घर' नावाचं सहावं खातं बनवलं आणि ॲडमिन फक्त तेच ठेवलं. रोज त्यात कुणी बसायचं नाही. पासवर्ड सोळा अक्षरांचा. पहिली आठ काकांनी टाकली, आम्ही तोंड फिरवलं. पुढची आठ बहिणीने टाकली, काकांनी तोंड फिरवलं. दोघांनी आपापली आठ अक्षरं कागदावर लिहून दोन पाकिटांत बंद केली, चिकटवलेल्या जागेवर सही केली आणि पाकिटं आजोबांच्या लोखंडी कपाटात गेली. नवा प्रिंटर जोडायचा असेल तर आता दोघांना एकत्र बसावं लागतं. हे पुस्तकी पद्धतीत बसतं की नाही यावर वाद घालता येईल. मला एवढं कळतं की महिन्यातून एकदा दोघांनी दहा मिनिटं शेजारी बसणं त्या घराला तेव्हा हवंच होतं. आणि आजोबांना कपाटाची जबाबदारी मिळाल्यापासून चोरांचा विषय निघाला नाही.

हे करताना एक भलतीच गोष्ट सापडली, आणि ती तुमच्याही लॅपटॉपवर आजच तपासा. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' उघडलं तर तिथे कुणा अनोळखी माणसाचा ईमेल. लॅपटॉप विकणाऱ्या दुकानातल्या मुलाने सेटअपचा वेळ वाचवायला स्वतःचाच ईमेल टाकून दिला होता. हे दिसायला किरकोळ वाटतं. पण नव्या बहुतेक विंडोज ११ लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने पहिलं साइन-इन झालं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ आकडी रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. एरवी ती लागत नाही. पण मदरबोर्ड बदलला किंवा एखादा मोठा अपडेट फसला, की लॅपटॉप सुरू होतानाच ते ४८ आकडे मागू शकतो. नाही मिळाले तर फोटो, हिशेब, प्रोजेक्ट, सगळं त्या डिस्कवर असून नसल्यासारखं. दुकानातला तो मुलगा तोवर कुठे असेल, कोण जाणे.

आम्ही आधी सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी केलं. मग 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बंद केलं, त्याला बराच वेळ लागतो, मध्ये लाइट जाईल म्हणून चार्जर आणि बॅटरी दोन्हीकडे लक्ष ठेवलं. बहिणीला तात्पुरतं ॲडमिन करून तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने ते पुन्हा चालू केलं, आणि काम झाल्यावर ती परत स्टँडर्ड. आता ती की तिच्या खात्यात 'डिव्हायसेस'खाली दिसते, कोणत्याही फोनवरून. कागदावर उतरवून तिसरं पाकीट झालं. जुनं खातं सगळ्यात शेवटी काढलं, कारण विंडोज खातं काढताना त्यातल्या फायलीही पुसून टाकतं. त्या आधी ज्याच्या त्याच्या खात्यात पोचवाव्या लागतात. या सगळ्यात एक अख्खा रविवार गेला.

आजोबांना लांब पासवर्ड झेपणार नव्हता, म्हणून पिन. पिन त्या एका लॅपटॉपपुरताच चालतो, तो कुणाला कळला तरी दुसऱ्या मशीनवरून खात्यात शिरता येत नाही, त्यामुळे वयस्कर माणसांना तोच बरा. आजोबांनी निवडलेला पिन नातवाने पहिल्या फटक्यात ओळखला. भरवेलीच्या खाणीत नोकरीला लागल्याचं साल घरात सगळ्यांना पाठ आहे.

वेगळ्या खात्याचा आजोबांना झालेला फायदा मात्र कुणाच्याच डोक्यात नव्हता. विंडोज प्रत्येक खात्याची भाषा आणि कीबोर्ड वेगळा लक्षात ठेवतं. आपल्या घरांचं तुम्हाला माहीतच आहे. १९५६पर्यंत आपला जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. आजोबांची अक्षरओळख त्या दिवसांतली, मराठीतली, काकांचा सगळा व्यवहार हिंदीत आणि मुलांचं इंग्रजीत. एका खात्यावर काकांचं हिंदी टायपिंग चालायचं आणि आजोबांच्या पत्रात काळ्यांचे काले व्हायचे. आता त्यांच्या खात्यात मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, शिफ्ट धरून एन दाबला की ळ. पहिल्याच दिवशी त्यांनी पानभर 'बाळ, टाळ, माळ, काळे' लिहून काढलं आणि प्रिंट मागितली.

धाकट्याचं खातं मायक्रोसॉफ्टच्या 'फॅमिली'मध्ये काकांच्या खात्याला जोडलं. त्यातून वेळेची मर्यादा घालता येते, खरेदीला आधी मोठ्यांची परवानगी लागते असं ठेवता येतं, आणि नको त्या साइट अडवता येतात. ही अडवणूक एज ब्राउझरमध्येच चालते, म्हणून ती चालू केली की बाकीचे ब्राउझर बंद होतात. शिवाय मुलाने काय शोधलं आणि कुठल्या साइट बघितल्या याचा दर आठवड्याचा अहवाल पालकांना ईमेलने येऊ शकतो. काकांना तो हवा होता. वेळ आणि खरेदी यांवर माझं काही म्हणणं नाही, पण चौदा वर्षांच्या मुलाचं शोधलेलं सगळं वाचायचं असेल, तर ते त्याला तोंडावर सांगून वाचावं, असं मी म्हटलं. नाहीतर बहिणीच्या बाबतीत जे चुकून झालं तेच इथे ठरवून होणार. काकांनी त्याला समोर बसवून सांगितलं. त्याने तासभर तोंड फुगवलं आणि मग वेळ वाढवून मागितला. शनिवार-रविवारी अर्धा तास जास्त मिळाला.

२०२३च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालची व्यक्ती, आणि तिची माहिती वापरायला कंपन्यांनी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची आहे. हे ठीकच. पण घरात खातं एकच असेल, तर पालकांच्या नावाने आलेल्या प्रश्नाला 'हो' म्हणणारा त्या वेळी कीबोर्डवर बसलेला नववीतला मुलगाही असू शकतो.

ज्या गोष्टी खरोखर सगळ्यांच्या आहेत, त्या 'पब्लिक' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवल्या. तो विंडोजमध्ये आधीपासून असतोच आणि सगळ्या खात्यांना दिसतो. लग्नाचे फोटो, विजेची बिलं, रेशनचं कार्ड, शेताचा खसरा (नागपूरकडच्या नातेवाइकांना सातबारा म्हटल्याशिवाय कळत नाही). बँकेचं पासबुक आणि आधारच्या प्रती तिथे ठेवायच्या नाहीत, त्या ज्याच्या त्याच्या खात्यात. काकू एवढ्यावरच समाधानी होत्या. त्यांना वेगळ्या खात्याचं अप्रूप नव्हतं, फोटो कुणी पुसणार नाहीत एवढंच हवं होतं, म्हणून फोटोंची एक प्रत त्यांच्या खात्यातही ठेवली.

काही जण विचारतात, विंडोजची खाती कशाला, क्रोममध्येच प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल केलं तर? केलंच तर इतिहास आणि बुकमार्क वेगळे राहतात, सोय म्हणून चांगलं आहे. पण ते कुलूप नाही. एकाच विंडोज खात्यात बसलेला कुणीही दुसऱ्याच्या प्रोफाइलवर क्लिक करून आत जातो. आणि वेगळी खाती करूनही उठताना विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबलं नाही, तर सगळी मेहनत वाया. आमच्याकडे ती सवय लागायला पंधरा दिवस लागले. आजोबांना सगळ्यात आधी लागली.

बहिणीला नागपूरला प्रवेश मिळाला. काका महिन्याभराने राजी झाले, त्यात लॅपटॉपचा काही वाटा नाही, काकूंचा आहे. लॅपटॉप अर्थातच तिच्यासोबत जाणार, त्यावर कुणी वाद घातला नाही. जाण्याआधी चौघांच्या फायली पेन ड्राइव्हवर काढल्या, प्रत्येकाने आपली उघडून बघितली, आणि मगच ती खाती काढली. 'घर'चा पासवर्ड बदलून तो पूर्ण तिलाच दिला. घरासाठी काका जुना डेस्कटॉप बघताहेत. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून ११ चालेल असाच घ्या, एवढं त्यांना सांगून ठेवलंय. पहिलं खातं कुणाच्या नावाने बनवायचं हे त्यांना आता विचारावं लागत नाही.

आजोबांनी मात्र विचारलं, त्यांचा पिन नव्या कॉम्प्युटरवर चालेल का. तो त्या लॅपटॉपसोबत गेला, नवा घ्यावा लागेल, असं म्हटल्यावर ते बराच वेळ विचार करत बसले. या वेळी साल नको, एवढं नातवाने त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.